गांधिलीचं विष आणि आत्याबाईंची सुई

"याआधी कधी गांधीलमाशी चावली होती का?" डॉक्टरांनी विचारलं, आणि मी खाटेवर पडल्या पडल्या खोटं बोलले. म्हणाले, "नाही. ही पहिलीच."

बोलले म्हणजे काय, घशातून घरघर निघाली. ओठ सुजून नाकाला टेकले होते. डावा डोळा मिटला होता. अंगभर बशीएवढ्या लाल गांधी उठल्या होत्या. थोड्या वेळापूर्वी मी मरता मरता राहिले होते. अशा वेळी माणसानं खरं बोलावं. पण खोलीच्या दाराशी आमच्या वॉर्डातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, दहा-बारा बायका उभ्या होत्या, आणि त्यांच्यासमोर आपली शान जायला नको, एवढंच त्या बावीस वर्षांच्या शहाणीच्या डोक्यात होतं. ती शहाणी म्हणजे मीच. आज तिला समोर उभी केली तर दोन थोबाडीत देईन.

डॉक्टरांनी हातातला कागद खाली ठेवला. "बाई, पहिल्या वेळेला असं होत नसतं," ते म्हणाले. "शरीराला आधी त्या विषाची ओळख व्हावी लागते. खरं सांगा, किती वेळा?"

"सात," दाराकडून आवाज आला. "आजची धरून सात."

ही माझी सासू. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. सहाही वेळा मी त्यांच्यापासून लपवलं होतं, असं मला वाटत होतं.

डॉक्टर म्हणाले, "याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात." मग मला समजेल असं सांगितलं. काही माणसांचं शरीर एखाद्या वस्तूवर फार चिडतं, त्याला ॲलर्जी म्हणतात. ती चीड साऱ्या अंगात एकदम भडकली, घसा सुजला, रक्तदाब खाली आला, म्हणजे ॲनाफिलॅक्सिस. मी ते माझ्या पद्धतीनं लक्षात ठेवलं. नवी शेजारीण पहिल्यांदा वाकडं बोलली तर आपण गप्प बसतो, पण मनात धरून ठेवतो. मग एके दिवशी ती नुसती खाकरली तरी आपण अंगावर धावून जातो आणि त्या भांडणात आपलंच घर फोडून घेतो. माझं शरीर तसं होतं.

आता या सात वेळा का झाल्या, ते सांगते. लाज वाटते, पण हे लिहायचं ते त्यासाठीच.

मी पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून डोक्याऐवजी पायांनी बाहेर आलेली. आमच्याकडे कोणाच्या कंबरेत चमक भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेतात. माझं माहेर किरनापूरकडचं. तिथे मी चार वर्षांची असल्यापासून लोकांच्या पाठीवर पाय देत होते आणि गूळ खात होते.

लग्न होऊन बालाघाटला आले तेव्हा आमच्या समाजानं बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन तीन-चार वर्षं झाली होती. घरातले जुने देव वैनगंगेत गेले होते. ताईत गेले, अंगात येणं गेलं. सभेच्या खोलीत दर आठवड्याला अंधश्रद्धेवर भाषण व्हायचं. पण भाषण करणाऱ्याच्याच कंबरेत चमक भरली की तो मागच्या दारानं आमच्याकडे यायचा आणि ओसरीवर पालथा पडायचा. आत्याबाई चूल फुंकता फुंकता म्हणायच्या, "देव सोडले अन् हिचा पाय धरला."

मला मात्र तो मान फार आवडायचा. सासरी नव्या सुनेला कोण विचारतं? मला सगळा वॉर्ड विचारत होता.

गांधिलीचं असं झालं. शेजारच्या गिरजाबाईच्या घरात, चुलीच्या वर, कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, खाली वाशाला पोळं लागलं होतं. राखाडी कागदाची उलटी छत्री असावी तसं, आणि त्यावर पिवळ्या गांधिली डुलत बसलेल्या. गिरजाबाई स्वयंपाकाला आत जायला भीत होती. मी पाटावर पाट ठेवून चढले आणि उघड्या हातानं पोळं ओढून काढलं. दोन बोटांना चावल्या. आग अशी झाली की डोळ्यापुढे काजवे चमकले. पण चार जणी बघत होत्या. मी हसत खाली उतरले.

गिरजाबाई म्हणाली, "पायाळूले इख चढत नाही वं."

पायाळूला विष चढत नाही, ही गोष्ट मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. दुसऱ्या दिवशी मीच ती दुसऱ्यांना सांगत होते, जशी काही माझ्या आजीपासून चालत आलेली.

मग काय, ज्याच्या घरी पोळं त्याच्या घरी मी. प्रत्येक वेळी चावा बसायचाच असं नाही. पण बसला की दर वेळी जरा जास्त व्हायचं. तिसऱ्या वेळी हात कोपरापर्यंत सुजला. मी म्हटलं, बांगड्या घट्ट झाल्या. पाचव्या वेळी दुसऱ्याच जागी, पोटावर अन् मांड्यांवर गांधी उठल्या आणि तळहात खाजू लागले. आत्याबाईंनी विचारलं, "काहून खाजवून राह्यली वं?" मी म्हटलं, घामोळं. दिवाळी उलटून गेली होती, आत्याबाई अंगावर घोंगडी घेऊन बसल्या होत्या. सहाव्या वेळी उलटी झाली आणि डोकं गरगरलं. तेव्हा मला दिवस गेल्याची बातमी वॉर्डभर झाली. मी ती बातमीसुद्धा चालवून घेतली.

तुमच्यापैकी कोणाला असं होत असेल तर हे नीट वाचा. चावलेली जागा सुजते, ते सगळ्यांचंच. पण बोटाला चावली आणि पोटावर गांधी आल्या, उलटी झाली, आवाज बसला, तर शरीर आधीच सांगून राहिलेलं असतं. माझं दोनदा सांगून झालं होतं.

सातवी वेळ दसऱ्याच्या आधीची. दसऱ्याला होणाऱ्या दीक्षेच्या कार्यक्रमासाठी सभेच्या खोलीला चुना द्यायचा होता. खोलीच्या कोपऱ्यात मोठं थोरलं पोळं होतं. पुरुष माणसं धूर करायचं म्हणत होती. मी म्हटलं, धूर कशाला, मी आहे ना. माझी दोन वर्षांची शोभा गिरजाबाईच्या कडेवर होती. तिला मी वरून हात केला, एवढं आठवतं.

एकच गांधील चावली, मानेला.

खाली उतरले तेव्हा तळहात खाजत होते. मग कान गरम झाले. जीभ तोंडात मावेना. गिरजाबाईला हाक मारायला गेले तर आवाजच नाही. चहाला आधण यावं एवढ्या वेळात मी त्या अर्ध्या पांढऱ्या भिंतीखाली आडवी झाले होते. डोक्यात एकच विचार होता, की शोभाला माझा चेहरा आठवणार नाही.

बायकांनी गिरजाबाईच्या अंगणातली खाट आणली. चार जणींनी उचलली, थकल्या की दुसऱ्या चार जणींनी खांदा दिला. अस्पताल आमच्या घरापासून पायी अर्धा तास. वाटेत कोणी म्हणालं रिक्षात बसवू, लवकर पोहोचेल. आत्याबाई म्हणाल्या, निजली आहे तशीच न्या. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की तेच बरोबर झालं. रक्तदाब पडलेल्या माणसाला उठवून बसवलं असतं तर दारापर्यंत मी आले नसते.

तिथे त्यांनी ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिलं. हे औषध आपल्या शरीरातही तयार होतं, आपण घाबरलो की. रक्तदाब वर आणतं आणि घशाची सूज उतरवतं. ते गेल्यावर छाती अशी धडधडली की वाटलं, आता हिच्यानंच मरते. हात थरथरायला लागले. आणि मग घशात हवा आली. हवेला चव असते हे मला त्या दिवशी कळलं. चुन्याची चव होती.

आणि श्वास आला तशी मी पहिलं वाक्य बोलले ते "ही पहिलीच".

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं. बरं वाटल्यावरही काही तासांनी हा प्रकार उलटू शकतो, म्हणून. सलाइन लावलं होतं. बायका घरी गेल्या. आत्याबाई खाटेखाली चटई टाकून बसल्या आणि माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

सकाळी आमचे हे आले. रेल्वेच्या छोट्या लाइनीवर फिटर होते, चार दिवस नैनपूरला तर दोन दिवस घरी. डॉक्टरांनी त्यांना आणि आत्याबाईंना समोर बसवून सांगितलं, "पुढच्या वेळी अर्धा तास मिळेलच असं नाही. हे इंजेक्शन घरात पाहिजे. आणि ते देणारं माणूस घरात पाहिजे."

ह्यांनी हौ म्हटलं. मग कंपाउंडरनं काचेची सिरिंज आणून सुई लावून दाखवली. इंजिनाच्या पोटात शिरून काम करणारा माझा नवरा, घामाघूम होऊन भिंतीला टेकला आणि हळूहळू खाली बसला. त्यांनाच पाणी पाजावं लागलं.

आत्याबाईंनी आपल्या लेकाकडे बघितलं, मग सुईकडे. म्हणाल्या, "मले शिकवा."

डॉक्टरांनी विचारलं, "तुम्हाला वाचता येतं का, बाई?"

"वाचाले नाही येत. सुईत दोरा ओवाले येते."

"हे जोखमीचं काम आहे."

"हा तर नैनपूरले राह्यते. ही माह्याजवळ राह्यते. मंग सुई बी माह्याजवळच राहीन ना."

डॉक्टरांनी कंपाउंडरला मान हलवून खूण केली.

पुढचे आठ दिवस आत्याबाई दुपारचं जेवण उरकून पायी अस्पतालात जायच्या आणि शिकून यायच्या. घरी सराव दुधी भोपळ्यावर. ओसरीवर मांडी घालून बसायच्या, दुधी पुढ्यात, आणि मला म्हणायच्या, "ही तुही मांडी." मग खचकन. त्या आठवड्यात आम्ही भोकं पडलेल्या पाणचट दुधीचीच भाजी खाल्ली. हे जेवताना ताटाकडे न बघता खायचे.

आकडे वाचता येत नव्हते, म्हणून औषध किती घ्यायचं ते कळायला कंपाउंडरनं सिरिंजवर लाल दोरा घट्ट बांधून दिला. औषध दोऱ्यापर्यंत, पुढे नाही. सुई मांडीच्या बाहेरच्या बाजूला. आत्याबाई दर रविवारी भाताच्या आधी सिरिंज अन् सुई उकळायच्या आणि झाकणाच्या डब्यात ठेवायच्या. औषधाची काचेची कुपी काळ्या कागदात गुंडाळून तांदळाच्या कोठीत, कारण तिला ऊन अन् उजेड चालत नाही. महिन्यातून एकदा कुपी खिडकीशी धरून बघायच्या. आतलं औषध पाण्यासारखं पाहिजे. लालसर दिसलं की पदर खोचून अस्पतालाची वाट. एकदा तिथे बदलून द्यायला कुरकुर केली, तर जेवायची वेळ होईपर्यंत पायरीवर बसून राहिल्या आणि नवी घेऊनच आल्या.

हा डबा कुठे आहे ते गिरजाबाईलाही दाखवून ठेवलं होतं. डब्याला हात लावायची बंदी मात्र सगळ्यांना. मला सुद्धा.

माझ्या पायाळूपणाचं काय झालं म्हणता? खाटेवरून वॉर्डभर मिरवत गेलेल्या बाईचं काय व्हायचं. पंधरा दिवस मी दारातून बाहेर पडले नाही. मग गिरजाबाई आली. तिच्या वाशाला परत पोळं लागलं होतं. "आता काय करू वं?" ती म्हणाली. तेव्हा मी अंगणातच, दूर, उभी राहून तिला सांगायला लागले, आणि सांगता सांगता लक्षात आलं की पोळ्यांची माहिती मला वॉर्डात सगळ्यांपेक्षा जास्त आहे. इतकी पोळी हातानं काढली होती ना.

होळीच्या सुमारास एकटी गांधील येते आणि घर बांधायला घेते. तेव्हा ते सुपारीएवढं असतं. तेव्हाच लांब काठीनं पाडायचं. म्हणून फाल्गुन लागला की रोज कवेलूंकडे नजर टाकायची. मोठं झालं तर सांज पडताना, गांधिली पोळ्यावर परतल्या की, ओल्या गवताचा धूर करायचा, अंग झाकून, लांब बांबूनं, आणि पळायला दार मोकळं ठेवून. हात झटकायचे नाहीत. लाकडाच्या ढिगात हात घालण्याआधी काठीनं ठोकून बघायचं. आणि चावलीच, तर रॉकेल, चुना, लोखंड घासत बसायचं नाही. माणसाच्या तोंडाकडे बघायचं. श्वास, आवाज, ओठ.

दोन वर्षं मी घरोघरी वर बघत हिंडले. अंगणात उभी राहून बोट दाखवायची, पाडणारे दुसरे. सभेच्या खोलीत एकदा मला उभं राहून बोलायला लावलं. मी पायाळूची सगळी गोष्ट सांगितली, खोटं बोलले ती पण. लोक पोट धरून हसले. पहिल्या ओळीतले ते भाषणवाले मात्र आपली कंबर चाचपत बसले होते.

आठवी वेळ मी शानीसाठी ओढवून घेतली नाही. ठोकायला विसरले, एवढंच. घरात पाहुणे आले होते, नणंदेला बघायला, रामपायलीकडचे. चहाला चूल पेटवायची घाई होती. घरामागच्या सांदवाडीतल्या सरपणाच्या ढिगातून लाकूड ओढलं आणि मनगटाला चावली.

पाहुण्यांसमोर तमाशा नको, असं क्षणभर मनात आलं. ती जुनी शहाणी अजून मेली नव्हती. पण तळहात खाजायला लागले होते. मी ओरडले, "आत्याबाई, गांधील."

त्या ओसरीवर तांदूळ पाखडत होत्या. सूप खाली ठेवलं. पळाल्या नाहीत. मला आहे तिथेच जमिनीवर निजवलं, पायाखाली धानाचं पोतं ओढलं. पोतं अर्धं भरलेलं होतं, एकटीनं ओढलं. मग आत गेल्या. पाहुणे दारात आले तर त्यांना म्हणाल्या, "बाप्यांनी भाइर जा. बायांनी हिचे पाय धरा."

कुपीची मान मोडल्याचा बारीक आवाज मला आला. माझी नजर अंधुक झाली होती, पण त्यांनी सिरिंज आभाळाकडे धरून लाल दोरा बघितला, ते दिसलं. मग लुगडं वर सरकवलं. दुधीला करायच्या तसंच, खचकन.

छाती धडधडली. हात थरथरले. या वेळी ती दोन्ही मला ओळखीची होती, म्हणून भ्याले नाही. खाट आली आणि मी निजूनच अस्पतालात गेले, कारण इंजेक्शन दिलं तरी अस्पतालात जावंच लागतं. औषधाचा जोर थोडाच वेळ टिकतो.

डॉक्टर तेच होते. त्यांनी नाडी बघितली, घसा बघितला, मांडीवरचा टोचलेला ठिपका बघितला. "हे कोणी दिलं?"

आत्याबाई म्हणाल्या, "म्या."

डॉक्टरांनी आपली खुर्ची ओढली आणि त्यांना बसायला सांगितलं. त्या आधी बसेनात. अस्पतालात त्या नेहमी जमिनीवर बसत आल्या होत्या. डॉक्टर उभेच राहिले, तेव्हा बसल्या. मग डॉक्टरांनी दोन नर्सना बोलावलं आणि म्हणाले, "यांच्याकडून ऐका. काय काय केलं, कोणत्या क्रमानं केलं." आणि अक्षर न येणारी माझी सासू, डॉक्टरांच्या खुर्चीत बसून, पोत्यापासून लाल दोऱ्यापर्यंत सगळं सांगत होती. मी खाटेवरून बघत होते. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ मिरवले, पण त्या दिवसाएवढी ताठ मी कधी झाले नाही, आणि त्या दिवशी तर मला उठून बसताही येत नव्हतं.

पाहुण्यांनी नणंद पसंत केली, हेही सांगून टाकते. मुलाची आई म्हणाली, अशा घरची पोरगी पाहिजे.

दुसऱ्या दिवशी घरी आलो. पोतं ओढल्यानं आत्याबाईंच्या कंबरेत चमक भरली होती. वाकून चालत होत्या, सांगत नव्हत्या. मी पाठीमागून गेले आणि हळूच विचारलं, पाय लावून देऊ का? आत्याबाई पालथ्या निजल्या, तोंड चटईत खुपसलं आणि म्हणाल्या, "तुह्या पायानं काही होत नाही, पोरी. वीट गरम करून आण, शेक दे. अन् ही आठवी होय. मोजाचं काम माह्यं हाय, तू आपलं खरं सांगत जाय."